ज्याचं रक्त त्याला

लहानपणी मी वडिलांबरोबर दूध घालायला डेअरीत जायचे. तिथे मलई काढायचं यंत्र होतं. वरून दूध ओतायचं, आतलं भांडं गरगर फिरायचं, एका तोटीतून मलई पडायची आणि दुसरीतून पातळ दूध. पुढे मुंबईत परफ्युजनिस्ट झाले, ऑपरेशन थिएटरमध्ये रुग्णाच्या हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन चालवू लागले. १९९०नंतर कधीतरी आमच्याकडे सेल सेव्हर आलं, म्हणजे शस्त्रक्रियेत सांडलेलं रक्त गोळा करून, धुऊन त्याच रुग्णाला परत देणारं यंत्र. त्याची पारदर्शक वाटी पहिल्यांदा फिरताना पाहिली आणि थेट डेअरीच डोळ्यांसमोर उभी राहिली.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही आठवण उगाच झाली नव्हती. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालने १८७८ साली दुधातली मलई वेगळी करणारं यंत्र काढलं. त्याच तत्त्वावर हार्वर्डच्या एडविन कोन यांनी १९५०च्या सुमारास रक्ताचे घटक वेगळे करणारं यंत्र बनवलं. जॅक लॅथम या इंजिनिअरने त्यातून एकदा वापरून टाकून देता येईल अशी वाटी तयार केली. आजही आम्ही तिला ‘लॅथम बोल’च म्हणतो.

पण सांडलेलं रक्त ज्याचं त्याला परत द्यावं हा विचार यंत्राहून कितीतरी जुना आहे. बाळंतपणात रक्तस्राव होऊन बायका डोळ्यांदेखत जात होत्या, तेव्हा लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी १८१८च्या आसपास रक्त देण्याचे प्रयोग सुरू केले. १८७४ साली विल्यम हायमोर यांनी तर सरळ विचारलं की बाळंतिणीचं वाहून गेलेलं रक्त तिलाच का देऊ नये? १८८५ साली एडिंबरामध्ये जॉन डंकन यांच्यापुढे रेल्वे अपघातात पाय चिरडलेला माणूस आला. पाय कापताना त्यांनी त्याचंच रक्त गोळा केलं, गोठू नये म्हणून त्यात सोडियम फॉस्फेट मिसळलं आणि मांडीच्या शिरेतून परत सोडलं. माणूस वाचला. रक्तगटांचा शोध लागायला अजून पंधरा वर्षं होती. दुसऱ्याचं रक्त देणं तेव्हा जुगार होता, स्वतःचं देताना गट जुळवायचा प्रश्नच नव्हता.

१९१४ साली लाइपझिगचे योहानेस थीस यांनी गर्भनलिका फुटून पोटात साचलेलं रक्त गाळून त्याच बायकांना दिलं. १९४३ साली अमेरिकेत लुईव्हिलच्या आर्नोल्ड ग्रिसवोल्ड यांनी बाटली, सक्शन आणि गाळायला तलम कापड एवढ्यावर छातीच्या जखमांतलं रक्त वाचवलं. तोवर रक्तपेढ्या उभ्या राहू लागल्या होत्या. रक्त बाटलीत मिळू लागलं आणि ही विद्या मागे पडली.

ती परत आली व्हिएतनामच्या युद्धात. जेराल्ड क्लेबानॉफ या लष्करी सर्जनने हार्ट-लंग मशीनचा पंप वापरून जखमेतलं रक्त गाळून परत देण्याची सोय केली. त्याची यंत्रं १९७०नंतर बाजारात आली, पण रक्तात हवा शिरून रुग्ण दगावल्याने ती मागे घ्यावी लागली. शिवाय ते रक्त फक्त गाळलेलं असायचं, धुतलेलं नाही. फुटलेल्या पेशी, चरबीचे कण, रक्त गोठू नये म्हणून घातलेलं हेपॅरिन, सगळं तसंच आत जायचं. १९६८ साली मेयो क्लिनिकचे विल्सन आणि टॅसवेल यांनी सेंट्रिफ्यूजमध्ये रक्त धुऊन परत देण्याची पद्धत मांडली होती. लॅथमच्या वाटीने १९७०च्या दशकात ती थिएटरपर्यंत आणली. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात मोठी पायरी हीच. रक्त गोळा करणारे पुष्कळ होते, धुणारे उशिरा आले.

आमच्याकडे यंत्र नव्हतं तेव्हाचं सांगते. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेल्या विशी-पंचविशीतल्या मुली खेड्यांतून यायच्या. त्यांचे भाऊ, दीर रक्ताच्या बाटल्यांसाठी धावाधाव करायचे. माणसं जमली नाहीत तर पैसे घेऊन रक्त देणारे गाठायचे. हार्ट-लंग मशीन चालू असताना छातीतलं रक्त सक्शनने मशीनमध्ये परत यायचं. पण हेपॅरिनचा परिणाम उतरवणारं प्रोटामिन दिलं की ते सक्शन बंद. त्यानंतर निघेल ते भिंतीवरच्या बाटलीत, आणि बाटली मोरीत. शेवटी नळ्यांमध्ये उरलेलं पातळ रक्तही कधीकधी टाकून द्यावं लागे. बाहेर बाटलीभर रक्तासाठी हात जोडणारी माणसं आणि आत हे. मला फार लागायचं ते.

मग एड्सची भीती आली. १९८९मध्ये रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. निकाल योग्यच होता. त्याच सुमारास आमच्या सेल सेव्हरवरची धूळ गेली. दुसऱ्याचं रक्त मिळेनासं झालं किंवा त्याचा भरवसा राहिला नाही, की प्रत्येक वेळी आपल्या रक्ताची किंमत कळली आहे.

मुंबईचं या विषयाशी खास नातं आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे जो रक्तगट शोधला, तो जगभर ‘बॉम्बे’ नावानेच ओळखला जातो. आपल्या देशात दहा हजारांत एखाद्याचा तो असतो. त्या माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही, त्याच्याच गटाचा दाता शोधावा लागतो. अशा माणसाचं हृदय उघडायचं असेल तेव्हा सेल सेव्हर आधी लावून ठेवलंच पाहिजे.

वाटी भरताना पाहण्यासारखी असते. सक्शनच्या टोकाशीच हेपॅरिन घातलेलं सलाईन मिसळतं. रक्त आधी जाळीतून गाळलं जातं, मग २२५ मिलिलिटरच्या वाटीत येतं. वाटी मिनिटाला पाच हजारांहून जास्त फेरे घेते. जड तांबड्या पेशी भिंतीला चिकटतात, पिवळसर पाणी मधून वर चढून बाहेरच्या पिशवीत जातं. तांबडी कड हळूहळू आत सरकते. ती वाटीच्या खांद्याशी आली की धुण्यासाठी सलाईन सुरू. बाहेर जाणाऱ्या नळीकडे मी डोळे लावून बसायचे. आधी लालसर, मग गुलाबी, मग पाण्यासारखं. नळी स्वच्छ दिसेपर्यंत धुणं थांबवायचं नाही. घाईत अर्धं धुतलेलं रक्त दिलं तर हेपॅरिन परत जातं आणि थांबत आलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. वाटी रिकामी झाली की पिशवीत दाट, काळपट लाल पेशी उरतात. पिशवीवर नाव, केस नंबर आणि वेळ लिहायची, कारण काही तासांतच ते रक्त द्यावं लागतं.

पण त्या पिशवीत फक्त तांबड्या पेशी असतात. प्लेटलेट्स आणि प्लाझ्मा धुण्याबरोबर निघून जातात. म्हणून फार रक्त गेलं तर ते दुसऱ्या माणसाकडूनच घ्यावे लागतात. तुमच्या घरी कोणाची हृदयशस्त्रक्रिया ठरली तर थिएटरमध्ये सेल सेव्हर आहे का, हे सर्जनना जरूर विचारा. आणि ‘आहे’ असं उत्तर मिळालं तरी रक्तदानाला या.