ढग आले की सांधे दुखतात का? एका प्रश्नाची साठ वर्षं

आभाळ भरून आलं की सांधे धरतात, हे आपल्याकडे कुठल्याही आजीला विचारा, ती खात्रीने सांगेल. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथातही हवा, पाणी आणि जागा यांचा आजारांशी संबंध जोडलेला आहे. 'ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस' हे नाव त्यामानाने नवं, आल्फ्रेड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरने १८५९ साली दिलेलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दुखणं आपलं आपणच कमीजास्त होत राहतं आणि हवाही रोज बदलते. खरी अडचण इथेच आहे, कारण अशा दोन गोष्टी अधूनमधून जुळणारच.

फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी १९६० च्या सुमारास यावर सरळ उपाय काढला. त्यांनी हवाच ताब्यात घेतली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक बंद खोली बांधली आणि रुग्णांना तिथे राहायला ठेवलं. तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब, सगळं हवं तसं बदलता येत होतं. एकच घटक बदलला तर फारसं काही होईना. पण आर्द्रता वाढवत असतानाच दाब उतरवला, म्हणजे वादळाआधी होतं तसं केलं, तर बऱ्याच रुग्णांचा त्रास वाढला. रुग्ण होते जेमतेम डझनभर. तरी मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्याने प्रश्नच बदलला. हवा कशी आहे यापेक्षा ती कशी बदलते आहे, हे महत्त्वाचं ठरलं.

त्या काळी अमेरिकेत सांधेदुखीचे लोक ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत बिऱ्हाड हलवत. तिथे बरं वाटलं म्हणणारे भेटतातही. पण गाव सोडणाऱ्याचं काम, घर, दगदग, सगळंच बदलतं, आणि ज्याला झेपतं तोच जातो. बरं वाटण्याचं श्रेय मग हवेला कसं द्यायचं? (अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत उत्तरेकडच्या भागांत हा आजार होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पण आजार होणं वेगळं आणि झालेला आजार दुखणं वेगळं. वाचताना ही गल्लत हमखास होते, सांभाळा.)

१९९६ मध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि आमोस ट्वर्स्की यांनी १८ रुग्णांच्या वेदना १५ महिने, महिन्यातून दोनदा नोंदवल्या आणि त्या हवामानाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. संबंध जवळपास शून्य. मग त्यांनी ९७ विद्यार्थ्यांना दाब आणि वेदनांचे, एकमेकांशी काही संबंध नसलेले आकडे दाखवले, तर अनेकांना त्यातही संबंध दिसला! जुळलेले दिवस लक्षात राहतात, न जुळलेले विसरतात, असा त्यांचा निष्कर्ष. हा निबंध अजूनही कौतुकाने वाचावा असा आहे. पण महिन्यातून दोनदा नोंद म्हणजे मधली वादळं निसटणारच, हेही लक्षात घ्या. २०१७ मध्ये अनुपम जेना आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठ अमेरिकनांच्या एक कोटीहून जास्त डॉक्टरभेटी तपासल्या. पावसाच्या दिवशी सांधेदुखीच्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या नाहीत. आकडा दणदणीत आहे, पण मोजली ती डॉक्टरकडची भेट, दुखणं नव्हे. डॉक्टरची वेळ अनेकदा आधीच घेतलेली असते.

मँचेस्टर विद्यापीठाच्या विल डिक्सन यांच्या गटाने २०१६ मध्ये लोकांच्या खिशातला फोनच वापरला. रोज दुखणं नोंदवायचं, जागा फोन सांगणार आणि जवळच्या हवामान केंद्राचे आकडे जोडायचे. तेरा हजारांवर लोक आले, विश्लेषणात २,६५८ उरले. त्यांना निरनिराळी दुखणी होती, त्यात सांधेदुखीवाले पुष्कळ. प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच, त्याच महिन्यातल्या दुसऱ्या दिवसांशी केली. २०१९ मध्ये निकाल आला. दमट, वाऱ्याच्या, कमी दाबाच्या दिवशी त्रास वाढतो, पण थोडाच. एरवी शंभरात ५ जणांना त्रास वाढत असेल, तर अशा दिवशी साधारण ६ जणांना. म्हणजे आजीचं म्हणणं खोटं नाही, पण ती सांगते तेवढं मोठंही नाही. सहभागींना संशोधनाचा विषय ठाऊक होता, हा आक्षेप उरतोच. हवामान रुग्णापासून लपवणार तरी कसं?

हीच रचना कोकणात वापरायची म्हटलं तर दुसरीच पंचाईत. जुलैमध्ये रत्नागिरीत हवा रोजच दमट. त्याच महिन्यातला कोरडा दिवस तुलनेला आणायचा कुठून?