‘आज्ञापत्रा’तील वृक्षनीती आणि विशाळगडाचा मुलूख

आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाच्या झाडांना हात लावू नये, ही आज्ञा शिवाजीमहाराजांचे स्वतःचे पत्र म्हणून पुष्कळदा उद्धृत केली जाते. तथापि हा प्रसिद्ध मजकूर ‘आज्ञापत्र’ या राजनीतिपर ग्रंथातील आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी तो सुमारे १७१५ मध्ये, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर (१६८०) पस्तीस वर्षांनी, राजारामपुत्र संभाजी या कोल्हापूरच्या छत्रपतींच्या नावे सिद्ध केला. यामुळे आज्ञेचे मोल उणे होत नाही. उलट ती एका राजाची तात्कालिक इच्छा नसून राज्याची मुरलेली रीत होती, असे दिसून येते.

ही रीत सांगण्याचा अधिकार पंतांना होता. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ते अमात्यपदी होते. १६८९ नंतर राजाराममहाराज जिंजीस असता ‘हुकूमतपन्हा’ या किताबाने त्यांनी राज्य सांभाळले. त्या काळात विशाळगड हे त्यांच्या कारभाराचे एक प्रमुख ठाणे होते. आज शाहूवाडी तालुक्यात असलेला हा गड दाट रानाने वेढलेला आहे. १६६० च्या पावसाळ्यात शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून निसटून याच रानवाटांनी गजापूरच्या खिंडीतून गडावर पोहोचले. येथूनच आंबा आणि अणुस्कुरा हे घाट कोकणात उतरतात. रान म्हणजे गडाचे कवच आणि लाकूड म्हणजे आरमाराचे बळ, या दोन्ही गोष्टी या मुलखात जवळजवळ नांदत होत्या.

ग्रंथात झाडांचा विचार दोन प्रकरणांत येतो. दुर्गांच्या प्रकरणात गडाच्या घेऱ्यातील झाडी राखावी, तेथील काठीही तोडू देऊ नये आणि गडावर उपयुक्त वृक्ष लावावेत, असे सांगितले आहे. आरमाराच्या प्रकरणात प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तेथे राज्याची निकड आणि रयतेचे हित समोरासमोर येतात. सागवानादी लाकूड आपल्या अरण्यातून हुजूरच्या परवानगीने तोडावे, उणे पडल्यास परमुलखातून विकत आणावे, असा मार्ग पंत दाखवितात. आंबे-फणस मात्र वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत; रयतेने ते लेकरांप्रमाणे वाढविलेले असतात. ते तोडल्यास तिच्या दुःखाला पार राहत नाही आणि त्याचा दोष अखेर राजावर येतो. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन न्यावे. बळजोरी सर्वथा करू नये.

येथे शब्दयोजना लक्षणीय आहे. ‘पर्यावरण’ हा अर्वाचीन शब्द या गद्यात नाही. तेथे येतो तो ‘जतन’. संस्कृत ‘यत्न’पासून आलेल्या या तद्भवात श्रम आणि राखण हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. ज्याने यत्न केला त्याचे झाड, असा न्याय या एका शब्दात सामावला आहे. निसर्गपूजेपेक्षा न्यायबुद्धी हाच या वृक्षनीतीचा पाया होय.

पुढील काळाशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. १८७८ च्या वनकायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात राखीव जंगलांवर सरकारचे स्वामित्व दृढ केले आणि गावकऱ्यांचे पूर्वापार हक्क संकुचित केले. कोल्हापूर संस्थानातही दाजीपूरचे रान राजांच्या शिकारीसाठी राखले गेले. १९५८ मध्ये तेथे गव्यांचे अभयारण्य झाले. मात्र त्याच परिसरात राजर्षी शाहूमहाराजांनी (कारकीर्द १८९४–१९२२) भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधावयास घेतले, ते रयतेच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून. राखण आणि रयतेचे हित यांचा जुना सांधा तेथे पुन्हा जुळलेला दिसतो.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात आजही वनरक्षण आणि गावांचे हक्क यांचा मेळ घालावा लागतो. झाड राखावयाचे तर ते वाढविणाऱ्यास राजी राखले पाहिजे, हे ‘आज्ञापत्रा’चे सूत्र त्या कामी आजही विचारात घेण्याजोगे आहे.