त्यांचे की त्याचे

२०२१ सालची गोष्ट. इंजिनियरिंग संपवून नोकरीला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. घरातल्या ज्येष्ठांच्या औषधांची नोंद ठेवणारं एक छोटं अँड्रॉइड ॲप आमची टीम बनवत होती. मराठी आवृत्ती बाजारात जाऊन महिना झाला नव्हता, तोच सोलापूर जिल्ह्यातल्या एका बाईंची तक्रार आली. ॲप बंद पडल्याची किंवा फोन गरम होत असल्याची ती तक्रार नव्हती. त्यांनी लिहिलं होतं, "माझे सासरे पंच्याहत्तर वर्षांचे आहेत. तुमच्या फॉर्ममध्ये त्यांना अरेतुरे का करता?"

मी फाइल उघडून पाहिली. 'त्यांचे नाव', 'त्यांचे वय', 'त्यांची औषधे'. सगळीकडे अहोजाहो, अनुस्वार जागच्या जागी. मग कोणीतरी सुचवलं, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी केली. चष्मा लावूनही नीट दिसत नाही म्हणून आपल्याकडची वडीलधारी माणसं करतात तशी. आणि दिसलं: 'त्याचे नाव', 'त्याचे वय', 'त्याची औषधे'. वरून मिलिमीटरभर कापलं गेलं होतं. वेलांटी आणि मात्रा वरून छाटली गेली तरी खाली उरलेल्या भागावरून वाचता येते. अनुस्वाराचं तसं नाही. तो शिरोरेषेला न टेकता वर एकटा बसलेला असतो. गेला की पूर्ण जातो, आणि जाताना सासऱ्यांचा मान घेऊन जातो.

हे मीच केलं होतं. बटणांमधली आणि चौकटींमधली अक्षरं किंचित खाली सरकल्यासारखी दिसतात, अशी आमच्या डिझायनरची कुरकुर होती. इंटरनेटवर शोधलं, तर एका ओळीचा उपाय मिळाला: 'इन्क्ल्यूड फॉन्ट पॅडिंग' नावाचा गुणधर्म बंद करा. मी बंद केला, चौकटीची उंची पक्की केली, अक्षरं मधोमध आली, शाबासकीही मिळाली. अक्षरांच्या डोक्यावरची ती मोकळी जागा तिथे कशासाठी होती, हे विचारायचं मला सुचलंच नाही. पुढे विचारलं, आणि त्यातून हाती आलेला इतिहास इथे मांडतो आहे.

सुरुवात फोनच्या बरीच आधी होते. रोमन अक्षरं साधारण एका पट्टीत बसतात. काहींचे दांडे वर जातात, काहींचे शेपूट खाली, पण अक्षराला अक्षर चिकटून एक ओळ होते. देवनागरीत मात्र तीन मजले आहेत. मधे अक्षर, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. 'मूर्तींच्या' हा एकच शब्द घ्या. त्यात खाली ऊकार आहे, आणि वर एकाच अक्षरावर वेलांटी, रफार, अनुस्वार अशी तिघांची गर्दी आहे. विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूरला छापलं गेलं, तेव्हापासून प्रत्येक छापखान्यापुढे हाच प्रश्न होता: हे तीन मजले शिशाच्या एका खिळ्यावर कसे बसवायचे? मुंबईत जावजी दादाजी चौधरींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. तिथे राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिरांनी या प्रश्नावर जे काम केलं, त्यामुळे निर्णयसागरचा टाइप देशभर नावाजला गेला. त्या कारागिरांनी लिपी तशीच ठेवली आणि खिळे वाढवले. त्याची किंमत जुळाऱ्याने मोजली. इंग्रजी जुळवणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त घरं असलेल्या पेटीपुढे तो उभा असे.

विसाव्या शतकात यंत्रं आली आणि उलटा विचार सुरू झाला. लायनोटाइप आणि टंकलेखन यंत्र यांच्या कळा मोजक्याच. मग लिपीच लहान का करू नये? टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी खटपट केली. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी पुढे आणली, म्हणजे इ, ई, उ यांच्याऐवजी अि, अी, अु. १९५३ साली लखनौच्या परिषदेत ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचं ठरलं, आणि लोकांच्या ते पचनी न पडल्याने सोडून द्यावं लागलं. या मंडळींना हसण्यात अर्थ नाही. यंत्राच्या युगात आपली भाषा मागे पडू नये, हीच त्यांची तळमळ होती. पण यंत्र आणि लिपी यांत वाकायचं कोणी, या प्रश्नाचं तेव्हाचं उत्तर होतं: लिपीने.

आता फोन. पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये आला तेव्हा त्यात देवनागरीचा फॉन्टच नव्हता. मी शाळेत असताना, २०११-१२ च्या सुमारास, मित्राने मराठीत काही पाठवलं की चौकोनी डब्यांची रांग दिसायची. ऑपेरा मिनी ब्राउझरमध्ये एक आडबाजूचं सेटिंग होतं. ते चालू केलं की अक्षरं चित्रांच्या रूपात यायची, आणि मराठी बातम्या वाचता यायच्या. ही युक्ती ज्याला ठाऊक तो वर्गातला तज्ज्ञ. पुढे फॉन्ट आले, 'हार्फबझ'सारखी अक्षरजुळणी करणारी लायब्ररी आली, वेलांटी योग्य जागी बसू लागली. गूगलच्या फॉन्टमालेचं 'नोटो' हे नाव त्या डब्यांवरूनच पडलं. रिकाम्या डब्यांना इंग्रजीत 'टोफू' म्हणत, आणि 'नो टोफू' म्हणजे नोटो.

२०१४ मध्ये अँड्रॉइड ५ आलं. फोनच्या भाषांच्या यादीत त्या वर्षी पंधरा नव्या भाषा आल्या, त्यांत मराठी होती. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, बंगाली, नेपाळीही होत्या. याच आवृत्तीत ॲप बनवणाऱ्यांसाठी एक नवा गुणधर्म आला, 'एलिगंट टेक्स्ट हाइट'. मला या इतिहासातलं सर्वांत बोलकं पान हेच वाटतं.

अडचण अशी होती. तोवर जगभरची ॲप्स रोमन अक्षरांच्या उंचीवर बेतलेली होती. त्यांत उंच लिप्या आल्या की चौकटी मोडणार. म्हणून काही लिप्यांचे दोन-दोन फॉन्ट ठेवले गेले. एक नैसर्गिक उंचीचा, दुसरा दाबून आखूड केलेला. नवा गुणधर्म चालू केला तर नैसर्गिक फॉन्ट मिळे. पण मुळात तो बंद ठेवलेला होता. म्हणजे ॲप बनवणाऱ्याने काहीच केलं नाही, तर वाचणाऱ्याला दाबलेली अक्षरं. आणि आमच्या धंद्यातलं उघड गुपित असं की बहुतेक जण काहीच करत नाहीत. नावही पाहा. सरळ, पुरेशा उंचीच्या अक्षराला म्हटलं 'एलिगंट', जणू ती हौस आहे.

यातून बाहेर पडायला दहा वर्षं लागली. २०१८ मध्ये, अँड्रॉइड ९ सोबत, 'फॉलबॅक लाइन स्पेसिंग' आलं. मूळ फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर फोन ते दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो. आजवर ओळीची उंची यजमान फॉन्टच्या मापाने ठरायची. आता उसन्या अक्षराची उंची धरली जाऊ लागली. पण मेख अशी की हे आधी अनेक ओळींच्या मजकुरापुरतंच होतं. साध्या, एका ओळीच्या मजकुरासाठी अँड्रॉइडच्या कोडमध्ये वेगळा, वेगवान रस्ता आहे, आणि त्याचं नाव खरोखरच 'बोअरिंग लेआउट' आहे. बटणं, शीर्षकं, 'त्यांचे वय' ही सगळी त्या रस्त्याने जाणारी. २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ ने तिथेही भाषेप्रमाणे उंची देण्याची सोय केली, आणि बिगर-रोमन लिप्यांचे शेंडे कापले जाऊ नयेत हे त्यामागचं कारण उघडपणे सांगितलं.

शेवटी २०२४ मध्ये अँड्रॉइड १५. नव्या आवृत्तीवर बेतलेल्या ॲपमध्ये 'एलिगंट टेक्स्ट हाइट' आता मुळातच चालू असतं, आणि दाबलेले फॉन्ट पुढे राहतीलच असं नाही, अशी सूचनाही तेव्हा दिली गेली. ॲप तपासून घ्या असं ज्या लिप्यांसाठी सांगितलं आहे, त्यांत तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, गुजराती, ओडिया आहेत. देवनागरी नाही. आपल्यापेक्षा शेजाऱ्यांनी जास्त सोसलं होतं, असा त्याचा अर्थ मी घेतो. आणखी दोन बारीक गोष्टी आल्या. गुंतागुंतीच्या अक्षरांचा कडेला बाहेर जाणारा भाग कापला जाऊ नये म्हणून रुंदी मोजण्याची नवी रीत आली. आणि मजकूर लिहिण्याच्या चौकटीत, अजून काहीच लिहिलेलं नसलं तरी, त्या भाषेला पुरेल एवढी किमान उंची आधीच राखली जाऊ लागली. ही दुसरी गोष्ट मला फार आवडली. पाहुणा यायच्या आधीच पाट मांडून ठेवल्यासारखी.

आमच्या डिझायनरचं म्हणणंही चुकीचं नव्हतं, हे इथे सांगायला हवं. ती डोक्यावरची मोकळी जागा अंदाजपंचे, यजमान फॉन्टच्या मापाने दिलेली होती. गूगलच्याच 'जेटपॅक कंपोझ' या नव्या साधनात २०२४ पासून ती मुळातच बंद असते. पण उंची खऱ्या अक्षरावरून मोजायची सोय झाल्यावर ती काढली गेली. मी ती सोय नसलेल्या फोनवर काढली, आणि वर चौकटीला कुलूप लावलं. कुलूप लावलेल्या चौकटीपुढे अँड्रॉइड १५ सुद्धा हतबल आहे.

या सगळ्यात नवं वैशिष्ट्य कोणतं आलं, यापेक्षा ते मुळात चालू होतं की बंद, हे जास्त सांगून जातं. पर्याय दिला म्हणजे जागा दिली असं होत नाही. दहा वर्षं आपल्या आणि शेजारच्या लिप्यांसाठी पर्याय होता. तो निवडायचं काम मात्र माझ्यासारख्याकडे होतं, आणि मी आराखड्यात 'लोरेम इप्सम' भरून पाहत होतो. त्या बनावट लॅटिनला ना वेलांटी, ना उकार. त्यामुळे चौकट नेहमी पुरेशीच वाटायची.

त्या वेळी दुरुस्ती सोपी होती. पक्की उंची काढून किमान उंची दिली, मोकळी जागा परत आणली. चौकटी थोड्या वाढल्या आणि शेवटची नोंद पाहायला बोटाने जरा सरकवावं लागू लागलं. डिझायनरला मी माझ्या फोनवर मोठ्या अक्षरांतलं 'त्याचे' दाखवलं, त्यावर तिने वाद घातला नाही. सोलापूरच्या बाईंना मी लिहिलं की चूक भाषेची नव्हती, मापाची होती, आणि ती माझी होती. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: "आता बरोबर दिसतंय, त्यांना दाखवलं."

तेव्हापासून कुठल्याही नव्या स्क्रीनवर मी पहिला शब्द 'मूर्तींच्या' टाकतो, अक्षरं सर्वांत मोठी करतो, आणि वरचा ठिपका मोजतो.