गालिच्यातली धूळ

देवळाली कॅम्पच्या हवेचे कौतुक आपण सारे पिढ्यानपिढ्या ऐकत आलो आहोत. हवा कोरडी, रात्री गार, पाऊस बेताचा. मुंबईच्या दमटपणाला कंटाळलेल्या पारशी आणि गुजराती कुटुंबांनी इथे बंगले बांधले, आरोग्यधामे उभारली. पण या हवेच्या पोटात आणखी एक वस्तू असते. तिचे नाव जाहिरातीत कधी येत नाही. ती म्हणजे धूळ. बंगल्याच्या आवारात मुरूम, मैदानांवर मुरूम, आणि उन्हाळ्यातला वारा तो मुरूम दळून घरात आणून टाकतो. फरशीवर ही धूळ पडली तर ओल्या फडक्याने निघते. पण खाली बोटभर लवेचा मऊ गालिचा पसरला असेल तर? मग ती कुठे जाते, तिला बाहेर कसे काढतात, आणि त्यासाठी माणसाने कोणकोणती यंत्रे केली, हा एक छोटासा इतिहासच आहे, श्रोतेहो.

आधी आपल्या घरचे पाहू. आपल्याकडे बसायला पसरण्याच्या वस्तूंची वाण कधीच नव्हती. घोंगडी, जाजम, सतरंजी, जमखाना, आणि श्रीमंताघरी रुजामा. यातली सतरंजी म्हणजे सपाट विणीची. तिला लव नाही, उलटसुलट दोन्ही बाजूंनी वापरा. दोघांनी दोन टोके धरून झटकली की काम झाले. गालिच्याचे तसे नाही. त्याच्या विणीत लोकरीच्या गाठी मारलेल्या, आणि त्या गाठींची टोके वर उभी राहिलेली. त्या उभ्या दाटीत खडा शिरला की तो तळाशी जाऊन बसतो. वरून गालिचा स्वच्छ दिसतो, पण प्रत्येक पावलागणिक तो टोकदार कण लोकरीचे मूळ कापत राहतो. गालिचा पायाने झिजतो असे आपण म्हणतो. खरे म्हणजे तो कचऱ्याने कापला जातो.

पेशवाईत तंबू, राहुट्या आणि बिछायतींचे एक स्वतंत्र खातेच असे, फरासखाना. पुण्यात शनिवारवाड्याजवळच्या पोलीस ठाण्याला अजून तेच नाव आहे. तिथे तक्रार घेऊन जाणाऱ्या किती जणांना ते गालिच्यांवरून पडलेले नाव आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे. फरास म्हणजे बिछाईत घालणारा, उचलणारा, झाडणारा माणूस. गालिचा उन्हात न्यायचा, उपडा घालायचा, आणि पाठीकडून काठीने धोपटायचा, ही त्याची रीत. ही रीत चुकीची मुळीच नव्हती. पाठीवर मार बसला की तळचा खडा आपल्याच वजनाने खाली गळतो. वाईट एवढेच, की उडालेली धूळ कुणाच्या नाकात गेली याचा हिशेब कुठल्याच दप्तरात लिहिलेला नाही.

इंग्रज आले आणि देवळालीला छावणी झाली. 1865 साली रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीपर्यंत आली, आणि मुंबईच्या बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणींना दम खायला ही जागा सोयीची पडली. विलायतेहून येणारे आणि विलायतेला परतणारे शिपाई इथे थांबत. परतणाऱ्यांना बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने बसावे लागे. काही काम नाही, करमणूक नाही, वरून ऊन. त्यात माणसाचे डोके फिरे म्हणे, आणि म्हणून इंग्रजीत डोके फिरलेल्याला ‘डूलाली’ म्हणू लागले. आपल्या गावाचे नाव परक्या भाषेत असे जाऊन बसले. कुणाला त्याचा राग येतो. मला तर त्या कंटाळलेल्या शिपायांची कीवच येते.

1857 नंतर सरकारला आपल्या शिपायांच्या तब्येतीची चिंता लागली. 1863 साली एका शाही आयोगाचा अहवाल आला, आणि हिंदुस्थानात दर हजार गोऱ्या शिपायांमागे वर्षाला 69 मरतात, असा आकडा त्यात निघाला. लढाईत नव्हे बरे का, बहुतेक रोगराईने. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी त्यावर आपली टिपणे लिहिली. पुढच्याच वर्षी, 1864 साली, छावण्यांचा कायदा झाला आणि पाणी, गटारे, झाडलोट यांवर सरकारी नजर आली. बराकी धुतल्या जाऊ लागल्या, रस्त्यांवर पाणी मारले जाऊ लागले. पण साहेबाच्या बंगल्यातल्या दिवाणखान्याचे काय? तिथे मुंबई इलाख्यात हमाल असे. इंग्रजांच्या घरी हमाल म्हणजे ओझे वाहणारा नव्हे, तर घरातले सामान पुसणारा, झाडणारा नोकर. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन मडमांनी 1888 साली हिंदुस्थानातल्या गृहिणींसाठी एक जाडजूड मार्गदर्शक लिहिले. कोणत्या नोकराने काय करावे हे त्यात शिकवलेले आहे. येरवड्याच्या तुरुंगात कैदी गालिचे विणत, तेही अशा बंगल्यांत जात. म्हणजे विणणारा कैदी, झाडणारा हमाल, आणि चालणारा साहेब! अशा घरात यंत्राची गरज कुणाला भासावी?

यंत्राची गरज भासली ती नोकर महाग असलेल्या देशांत. अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावी मेल्व्हिल बिसेल नावाचा चिनी मातीच्या भांड्यांचा दुकानदार होता. पेट्यांतला भुसा गालिच्यात अडकून राही. त्याने 1876 साली चाकांवर फिरणाऱ्या ब्रशाचा एक डबा केला. ढकलला की ब्रश फिरतो आणि कचरा डब्यात पडतो. यात वीज नाही, ओढ नाही. वरचा कचरा निघे, तळचा तिथेच.

नंतर कुणाच्या तरी डोक्यात आले की धूळ फुंकून काढावी. लंडनच्या एका नाट्यगृहात 1901 साली अशा फुंकणाऱ्या यंत्राचा प्रयोग झाला. बघायला ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा इंजिनियर गेला होता. फुंकल्यावर धूळ उडाली, आणि अर्थातच पुन्हा खाली बसली. बूथ म्हणाला, फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही? अशक्य, असे त्याला सांगण्यात आले. पुढे एका उपाहारगृहात या गड्याने लवदार खुर्चीवर हातरुमाल ठेवला, त्यावर तोंड लावले आणि जोराने श्वास ओढला. घुसमटला, खोकला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटलेला होता. यंत्राचे सारे तत्त्व त्या डागात आले.

बूथचे पहिले यंत्र घरात मावणारे नव्हतेच. घोडागाडीवर पेट्रोलचे इंजिन, ते रस्त्यावर उभे राही, आणि लांबलांब नळ्या खिडक्यांतून घरात जात. आवाजाने रस्त्यावरचे घोडे बुजत. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या वेळी, 1902 साली, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमधला गालिचा या यंत्राने साफ केला, आणि मग राजवाड्यातही यंत्र गेले. बूथने नळीचा एक भाग काचेसारखा पारदर्शक ठेवला होता, म्हणजे जाणारी घाण सर्वांना दिसावी. उमरावांच्या बायका मैत्रिणींना चहाला बोलावून हा खेळ दाखवीत! पण आपल्या देवळालीसारख्या छावणीच्या गावाला मोलाची वाटावी अशी गोष्ट निराळीच आहे. पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाचे लोक ठेवले होते. त्यांच्यात मेंदूज्वराची साथ पसरली. धुळीचा संशय आला, म्हणून बूथची 15 यंत्रे तिथे लावली, आणि त्यांनी 26 टन धूळ ओढून काढली असे सांगतात. साथ ओसरली. ती केवळ धूळ गेल्यामुळेच ओसरली का, हा प्रश्न वैद्यांनी सोडवावा. पण 26 टन धूळ माणसांच्या उशापायथ्याशी होती, एवढे तरी उघड झाले.

घरात मावणारे यंत्र केले ते एका झाडूवाल्याने. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर एका दुकानात झाडलोट करी. त्याला दमा होता. गालिचे झाडताना जीव कासावीस होई. त्याने पंख्याची मोटर घेतली, झाडूचा दांडा जोडला, धूळ साठवायला उशीची खोळ बांधली, आणि तोंडाशी एक फिरता ब्रश बसवला. 1908 साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. चामड्याच्या वस्तू करणाऱ्या हूव्हर नावाच्या कारखानदाराच्या बायकोने ते यंत्र वापरले, नवऱ्याने हक्क विकत घेतले, आणि पुढे सगळ्या जगात हूव्हरचेच नाव झाले. स्पँगलरला किती जण ओळखतात? धुळीने ज्याचा श्वास कोंडत होता त्यानेच हा शोध लावला; ज्याचा गालिचा होता त्याने नव्हे. हूव्हर कंपनीने 1926 साली त्या ब्रशाच्या रुळावर धोपटणाऱ्या पट्ट्या बसवल्या. म्हणजे आपल्या फरासाची काठीच पुन्हा यंत्राच्या पोटात शिरली, म्हणा ना.

दुसरी शाखा निघाली स्वीडनमधून. इलेक्ट्रोलक्सने 1921 साली जमिनीवरून ओढत नेण्याचे, नळकांड्याच्या आकाराचे यंत्र आणले. त्याची नळी लांब, तोंड साधे. भिंती, पडदे, खुर्च्या यांना सोयीचे. भारतात हे यंत्र घरोघर पोचले ते याच शाखेतून. 1982 साली युरेका फोर्ब्स ही कंपनी निघाली, तीत इलेक्ट्रोलक्सचा भाग होता. टाय बांधलेला तरुण दारावर यायचा, तुमचीच गादी, तुमचाच सोफा झाडून दाखवायचा, आणि निघालेली धूळ तुमच्याच पुढ्यात ओतायचा. गृहिणी शरमून जायची आणि यंत्र घ्यायची. बूथच्या पारदर्शक नळीचीच ही धाकटी बहीण.

यंत्र आले म्हणून घरातल्या बाईचे काम कमी झाले का? रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन विदुषीने 1983 साली एक ग्रंथ लिहून उलटेच दाखवले. पूर्वी गालिचे वर्षातून एकदोनदा अंगणात काढून धोपटत, त्याला पुरुष आणि मुलेही हात लावीत. यंत्र आल्यावर तेच काम दर आठवड्याला आले आणि एकट्या बाईच्या गळ्यात पडले. आपल्याकडेही हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता ज्यांच्या घरी खरोखरच जाड, मखमली लवेचा गालिचा आहे, त्यांनी यंत्र कसे निवडावे? दुकानदार पहिल्याने सांगतो वॅट. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते तो आकडा. किती धूळ काढते तो नव्हे. युरोपात 2014 साली अशा यंत्रांवर 1600 वॅटची आणि 2017 साली 900 वॅटची मर्यादा घातली, तरी तिथले गालिचे काही घाण राहिले नाहीत. महत्त्व आहे ते वाहत्या हवेला. शहाळ्याला नळी लावून पाणी पिताना नळीचे टोक मलईवर टेकले तर काय होते? कितीही ओढा, पाणी येत नाही. दाट लवेवर यंत्राचे तोंड असेच चिकटून बसते. हवा थांबते, धूळ जागची हलत नाही, आणि यंत्र पुढे ढकलताना खांदा दुखून येतो तो निराळा. म्हणून तोंडाची उंची खालीवर करता येते का, हे पहिल्याने पाहावे. ब्रशाची टोके लवेला जेमतेम शिवतील इतकेच ते खाली असावे.

दुसरे म्हणजे फिरता ब्रश. आपली बहुतेक घरे शहाबादी किंवा गुळगुळीत फरशीची, म्हणून पुष्कळ यंत्रांबरोबर नुसते चपटे तोंड मिळते. जाड लवेला ते पुरत नाही. ब्रश फिरवायला स्वतःची मोटर असलेले तोंड उत्तम. हवेच्या झोताने फिरणारा ब्रश लवेत गुंतला की मंदावतो. मात्र जुना, हाताने गाठी मारलेला गालिचा असेल तर फिरता ब्रश त्याच्या झालरीजवळ नेऊ नये, आणि वेटोळ्यांच्या विणीवर तर चालवूच नये. एक धागा धरला की ओळच्या ओळ उसवते. आपोआप फिरणारी नवी चकतीसारखी यंत्रे फरशीवर छान चालतात. बोटभर लवेत ती बिचारी रुतून बसतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. हवेसाठी देवळालीत येणाऱ्यांत छातीचे दुखणे असलेलेही असतात. घरच्या धुळीतले सूक्ष्म किडे दमा चाळवतात, हे 1964 साली हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी पुढे आणले. यंत्राची पिशवी विरळ असेल तर जाडा कचरा आत राहतो आणि बारीक धूळ मागच्या भोकातून खोलीत परत येते. ती तर डोळ्यांना दिसतही नाही. तेव्हा पिशवी दाट हवी, आणि बाहेर पडणाऱ्या हवेवर हेपा जातीची गाळणी हवी. मीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे कण, शंभरातले जवळजवळ सगळे, ती अडवते. पण गाळणी चोख असून भागत नाही, झाकणाची फट मिटलेली हवी. पिशवीऐवजी भांड्यात धूळ घुसळून टाकणारी यंत्रे डायसनने 1993 पासून लोकप्रिय केली. ती चांगली आहेत, पण भांडे रिकामे करताना धूळ पुन्हा उडते, तेव्हा दमेकऱ्याने ते काम दुसऱ्याला सांगावे, आणि तेही बाहेर अंगणात.

यंत्र घेण्याआधी ते आपल्याच गालिच्यावर चालवून दाखवायला सांगा. दुकानातला गालिचा आखूड लवेचा असतो. दाट लवेवर एकाच जागी सावकाश दोनचार फेऱ्या लागतात, भराभर ढकलून उपयोग नाही. आणि हलवता येण्याजोगा गालिचा वर्षातून एकदा, पावसाळ्याआधीच्या उन्हात, उपडा घालून धोपटायला हरकत नाही. धोपटणारा गडी वाऱ्याच्या पाठीशी उभा राहील असे पाहा, आणि काठी त्याच्या हातात देण्याआधी नाकातोंडाला बांधायला एक स्वच्छ पंचा द्या.