स्टेशनच्या नावातला 'रोड'

आजचा भाग बसमध्ये ऐकत असाल तर उत्तम, टमटममध्ये ऐकत असाल तर एक इयरफोन काढून ठेवा, नाहीतर उतरायचं राहून जाईल. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा लिहिलेला भाग.

जुन्या श्रोत्यांना माहितीये, मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि रविवारी स्टेशनं बघत फिरतो. पूल कुठे उतरतो, पाट्या वाचता येतात का, गाडी बदलायला किती मिनिटं लागतात, हे सगळं मोबाइलमधल्या एका शीटमध्ये भरतो आणि दहापैकी गुण देतो. घरचे म्हणतात, रिकामपणचे उद्योग. पण असे उद्योग करणारा मी एकटा नाही. ब्रिटनमध्ये जेफ मार्शल आणि विकी पाइप या दोघांनी २०१७ साली तिथल्या राष्ट्रीय रेल्वेच्या सगळ्या, म्हणजे २,५६३ स्टेशनांना भेट दिली. आपल्याकडे राजेंद्र आकलेकर यांनी मुंबईतल्या पहिल्या रेल्वेमार्गाच्या खुणा चालत जाऊन शोधल्या, त्याचं 'हॉल्ट स्टेशन इंडिया' हे पुस्तक २०१४ साली आलं.

पण माझ्या गावाला स्टेशनच नाही. मी वडप्याचा. मुंबई-नाशिक हायवेने जाताना भिवंडी मागे पडली की आमचं गाव लागतं. बहुतेकांना ते फक्त पाटीवरचं नाव म्हणून माहीत असतं, नाहीतर ट्रॅफिकच्या बातमीतलं. तर प्रश्न असा, की इतक्या जुन्या आणि वाहत्या रस्त्यावरच्या माणसाला रेल्वे गाठायला एवढा द्राविडी प्राणायाम का?

उत्तरासाठी १८४३ सालात जावं लागतं. जॉर्ज क्लार्क हा मुंबई सरकारचा मुख्य इंजिनिअर त्या वर्षी भांडुपला गेला होता. मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळघाट-बोरघाट असा लोहमार्ग काढता येईल, ही कल्पना त्याला तिथे सुचली असं सांगतात. मग १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, ते शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. शाळेत शिकवत नाहीत ती तारीख मला जास्त महत्त्वाची वाटते: १ मे १८५४. त्या दिवशी रेल्वे ठाण्याच्या पुढे कल्याणला पोचली. म्हणजे ठाण्याची खाडी ओलांडून ती मुंब्र्याच्या डोंगराकडे वळली आणि उल्हास नदीच्या दक्षिण काठाने गेली. भिवंडी राहिली उत्तरेला, पाण्याच्या पलीकडे.

आता नकाशा उघडा (गाडी चालवत असाल तर नको). इंजिनिअर म्हणून बघितलं तर निर्णय चोख आहे. एक रूळ पुण्याच्या घाटाकडे न्यायचाय, एक नाशिकच्या. दोन्हींसाठी ठाण्यापासून वेगळे मार्ग टाकण्यापेक्षा कल्याणपर्यंत एकच टाका आणि तिथे फाटा फोडा. मीही हेच केलं असतं. बोरघाट १८६३ ला खुला झाला, थळघाट १८६५ ला. नाशिकचा फाटा तर १८५५ मध्येच वाशिंदला आला होता, म्हणजे आमच्या पुढच्या अंगाला. रस्ता मात्र आधीपासून ठाणे, कशेळी, भिवंडी, पडघा, शहापूर असाच जात होता. आग्रा रोड. रूळ भिवंडीला वळसा घालून गेले आणि शहापूरच्या बाजूला पुन्हा या रस्त्याच्या जवळ आले. मधला तुकडा राहिला तो राहिलाच.

आणि भिवंडी काही आडगाव नव्हतं हो. खाडीवरचं बंदर होतं. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी जोडीनेच घेतलं. 'कल्याण-भिवंडी' हा एका दमात म्हणायचा शब्द होता. दोनशे वर्षांनी एक जंक्शन झालं आणि दुसऱ्याने लोखंडी रूळ बघायला शंभराहून जास्त वर्षं वाट पाहिली.

ते रूळ आले वसई-दिवा मार्गाच्या रूपाने, आणि स्टेशनचं नाव पडलं 'भिवंडी रोड'. या 'रोड'ची गंमत ऐका. रेल्वेच्या जुन्या भाषेत नावापुढे 'रोड' असलं की समजायचं, गाव इथे नाही, इथून रस्त्याने जायचंय. नाशिक रोड घ्या. स्टेशन ते नाशिक शहर हे अंतर इतकं होतं की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे घोड्यांची ट्राम सुरू झाली. नाशिकला ट्राम मिळाली, आम्हाला टमटम.

भिवंडी रोडला मी चार-पाचदा गेलोय. छंद म्हणून हा मार्ग मस्तच आहे. कोपरला तर आपली गाडी वरच्या प्लॅटफॉर्मवर थांबते आणि खालून मेन लाइनच्या लोकल धडाधड जातात. कोपरला मी नऊ गुण दिलेत. पण इथून सीएसएमटीला सरळ लोकल नाही. दिव्याला, कोपरला नाहीतर वसईला बदलायचं, आणि मुळात गाड्या मोजक्या. उलट २०२० मध्ये याच स्टेशनातून पार्सल गाड्या थेट बंगालमधल्या सांकराईलला जायला लागल्या. आमच्या गोदामातलं खोकं गाडी न बदलता हावड्याजवळ पोचतं. माणसाने मात्र बदलत बदलत जायचं.

हे सगळं मला कळत होतं, पण टोचत नव्हतं. टोचलं ते बहिणीच्या ॲडमिशनच्या वेळी. तिला कल्याणला कॉलेज मिळालं. बाबांचं म्हणणं, रोज जमणार नाही, हॉस्टेल बघा किंवा जवळचं काहीतरी घे. हॉस्टेलचे पैसे नव्हते, म्हणजे खरा अर्थ दुसराच होता. बाबांनी मला विचारलं, "तू एवढा फिरतोस ना, मग सांग, संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता?" माझ्या शीटमध्ये दीडशेच्या वर स्टेशनं होती. वडपे नाक्यावरून शेवटची टमटम किती वाजता मिळते, ते नव्हतं. शेवटची म्हणजे काय, टमटमचं टाइमटेबल कोण छापतं?

मग मी पुढचे दोन आठवडे तो एकच मार्ग केला. वडपे, राजनोली नाका, कोनगाव, दुर्गाडी, कल्याण. सकाळी, दुपारी, रात्री आठला, भर पावसात. कुठे उभं राहिलं की ड्रायव्हरला आपण दिसतो, कुठल्या वेळेला टमटम भरायलाच वीस मिनिटं जातात, सगळं लिहिलं. आजी रोज दारातूनच विचारायची, "गारी गावली का रे?" तिच्या दृष्टीने प्रवासाचा रिव्ह्यू तेवढाच.

आता आमच्या शेजारीच, आमण्याला, समृद्धी महामार्ग येऊन टेकलाय. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. त्यावर रिक्षा आणि दुचाकीला बंदी आहे, म्हणजे आम्ही तो बघायचा. मेट्रो पाचचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मधलं. तिचा नकाशा मी पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा हसूच आलं. बाळकुम, कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा, धामणकर नाका. हा तर जुना आग्रा रोड! १८५४ मध्ये रूळ जिथून गेले नाहीत, नेमके तिथेच खांब उभे राहिले. पुढे राजनोली आणि कोनगाववरून ती कल्याणला जायची आहे, म्हणजे माझ्या शीटमधलाच मार्ग. वडपे त्यातही नाही, पण राजनोली आमच्या टप्प्यात आहे.

बहीण आता दुसऱ्या वर्षाला आहे. मध्ये एका संध्याकाळी ती एका नाक्यावर पाऊण तास अडकली होती, त्या रात्री घरात फारसं कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझी शीट स्वतःच्या मोबाइलवर उघडून त्यात एक रकाना वाढवला: 'दिवा आहे का'. मी येडा, मला वाटलं दिवा स्टेशन. तिला रस्त्यावरचा दिवा म्हणायचा होता. तीन थांब्यांपुढे तिने 'नाही' लिहिलंय, आणि त्यातल्या दोघांना मी आठ-आठ गुण दिले होते.