धबधबा : एका दुर्वाचनाचा इतिहास

एखादी संहिता तिच्या कर्त्याच्या हेतूविरुद्ध प्रसिद्ध व्हावी, हे साहित्याच्या अभ्यासकांस नवे नाही. प्रणाली-अभियांत्रिकीच्या इतिहासातही असे एक उदाहरण आहे.

अमेरिकी अभियंते विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालींच्या निर्मितीवर एक निबंध सादर केला. आरंभी त्यांनी गरजांची निश्चिती, विश्लेषण, आराखडा, आज्ञावलीलेखन, चाचणी आणि वापर अशा पायरीपायरीने खाली उतरणाऱ्या क्रमाची आकृती दिली. पाठ्यपुस्तके याच क्रमाला ‘धबधबा प्रारूप’ म्हणतात आणि रॉइस यांना त्याचे जनक ठरवतात.

वस्तुतः ‘धबधबा’ हा शब्द त्या निबंधात नाही. तो १९७६ साली बेल आणि थेयर यांच्या लेखात आला. शिवाय आकृतीपाठोपाठ रॉइस बजावतात की, मूळ कल्पना मान्य असली तरी ती इतक्या सरळपणे राबवणे धोक्याचे आहे. चाचणी अखेरीस येते. आराखड्यातला दोष तेथे उघड झाला, तर काम जवळजवळ पहिल्यापासून करावे लागते. म्हणून नवी प्रणाली दोनदा घडवावी, ग्राहकाला मध्येमध्ये सहभागी करून घ्यावे, असे उपाय ते सुचवतात.

तरीही अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८५ च्या मानकावर छाप पडली ती सरळ क्रमाचीच. पुढे १९८६ साली बॅरी बोहम यांनी फेरीगणिक धोका तपासणारे सर्पिल प्रारूप मांडले. ते रॉइस यांच्या विरोधात नव्हे, तर त्यांच्या न वाचलेल्या पानांच्या बाजूने उभे आहे. संहिता शेवटपर्यंत वाचावी, हा आपल्या वर्गातला साधा नियम येथे प्रकल्पांच्या यशापयशाशी जोडला गेलेला दिसतो.