गोदा-मांजरेचीं धरणें आणि जलचरांची वाट

नदीचा इतिहास लिहितांना घाट, देवालयें व राजधान्या यांची नोंद होते; नदीच्या पोटांत नांदणाऱ्या प्रजेची नोंद सहसा होत नाहीं. नांदेडची गोदावरी आणि लातूरची मांजरा यांच्या बाबतींतही तसेंच झालें आहे.

गोदावरीच्या मुखाकडे दवळेश्वरम् येथें सर ऑर्थर कॉटन यांनीं १८४७ ते १८५२ या काळांत मोठा बंधारा उभारला. शेतें पिकूं लागलीं; परंतु अंडीं घालण्यासाठीं समुद्रांतून गोड्या पाण्यांत चढणाऱ्या हिलसा माशाची वाट त्या भिंतीनें अडविली. बंधाऱ्यांमुळें होणारी ही हानि डॉ. फ्रान्सिस डे यांनीं १८७३ च्या अहवालांत सरकारच्या नजरेस आणिली. पुढें १८९७ च्या कायद्यानें, मासे मारण्याच्या हेतूनें पाण्यांत सुरुंग उडविणें हा अपराध ठरला. पाया खणण्यासाठीं सुरुंग लावणारा मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला.

मांजरेची कथाही निराळी नाहीं. बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावून लातूर जिल्ह्यांतून ती तेलंगणांत उतरते व कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. या वाटेवर निजाम सरकारनें १९२३ ते १९३१ या काळांत निजामसागर बांधला आणि गोदावरींतून वर येणाऱ्या माशांचा मार्ग खुंटला. पुढें गोदावरीवर पोचमपाड येथें श्रीरामसागर व नांदेडजवळ विष्णुपुरी हीं धरणें झालीं. या कामांमागें मनुष्याची खरी निकड होती. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून ज्या लातूरची तहान भागवावी लागली, त्या शहरास पाणीसांठा नको असें कोण म्हणेल?

अडचण आहे ती ऋतूची. नदीपात्रांतील बांधकाम उन्हाळ्यांत चालतें, कारण तेव्हां पाणी कमी असतें. नेमके त्याच दिवसांत मासे व कासवें उरल्यासुरल्या डोहांत दाटीनें आश्रय घेऊन असतात. मातीचा तात्पुरता बांध घालून पंपानें डोह उपसला कीं तीं सारीं उघडीं पडतात. सुरुंगाच्या धक्क्यानें माशाच्या पोटांतील हवेची पिशवी फुटते. गाळानें कल्ले चोंदतात.

यावर उपाय नाहींत असें नाहीं. उपसा करण्यापूर्वीं जाळीं टाकून मासे वाहत्या पाण्यांत सोडतां येतात. डोह न् डोह ओळखणाऱ्या भोयांइतकें हें काम कोणास साधेल? जर्मनीच्या समुद्रांत खांब ठोकतांना हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडून आवाजाचा मारा सौम्य करतात.

धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचा दाखला याहून बोलका आहे. महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें २८ फेब्रुवारी २०१३ रोजीं निर्णय दिला कीं, दरवर्षीं १ जुलै ते २८ ऑक्टोबर या बंधाऱ्याचे दरवाजे उघडे राहावेत. वाद पाण्याच्या वांटणीचा होता. माशांचा त्यांत पक्ष नव्हता. तरी रोहू, कटला व मृगळ यांचा विणीचा काळ याच पावसाळ्यांत येतो. दोन राज्यांच्या भांडणांतून जलचरांस चार महिने वाट मिळाली, ती केवळ योगायोगानें. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यापूर्वीं काढण्याच्या रिवाजाचाही परिणाम असाच होतो.

जें योगायोगानें साधलें तें नियमानें साधणें अशक्य नाहीं. नव्या बंधाऱ्याच्या आराखड्यांत पाया व दरवाजे यांच्याबरोबर डोहांची जागा आणि विणीचे महिने यांचीही नोंद व्हावी, एवढेंच त्या मुक्या प्रजेचें मागणें आहे.